खचलेल्या चरातून माणूस काढताना: अग्निशमन जवानांच्या प्रशिक्षणाची पायरीनिहाय आखणी

शहराच्या वाढत्या उपनगरात मलनिस्सारण वाहिनीचे काम चालू असते, तीन मीटर खोल चरात दोन मजूर पाइपाचा सांधा जुळवत असतात, आणि एका बाजूची माती खचते. नियंत्रण कक्षात वर्दी येते आणि पहिली गाडी घटनास्थळी पोहोचते तेव्हा काठावर तीस-चाळीस माणसे ओरडत उभी असतात, दोघे-तिघे सहकारी मजूर आत उतरून हातांनी माती उपसत असतात आणि जेसीबीचा चालक बकेट खाली घालण्याच्या तयारीत असतो. गाडीतून उतरणाऱ्या जवानाला आगीचे शिक्षण मिळालेले असते, दोरखंडाचे मिळालेले असते, कदाचित कोसळलेल्या इमारतीचेही मिळालेले असते. त्याचे हात लगेच काम मागतात आणि तो फावडे घेऊन चरात उडी मारतो. या क्षणी त्याने उडी मारू नये, एवढे एकच शिकवण्यात संपूर्ण अभ्यासक्रम खर्ची पडला तरी तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. एकदा खचलेली बाजू वरून झुकती आणि खालून पोकळ झालेली असते, समोरच्या बाजूचा आधारही हललेला असतो, आणि दुसऱ्यांदा माती येते तेव्हा तिच्याखाली बहुधा मदतीला उतरलेली माणसे सापडतात.

पुढील आखणी महापालिका व नगरपालिकांच्या अग्निशमन दलांतील केंद्र अधिकारी आणि प्रशिक्षण अधिकारी यांच्यासाठी आहे. ती वाचून कोणी चरात उतरण्यास पात्र होत नाही. प्रत्यक्ष सराव अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा, आणि त्यासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय किंवा पुण्याजवळ तळ असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन यांच्याकडे मार्गदर्शनाची मागणी करावी. सरावाचा चर आणि आधाराची रचना तपासण्यासाठी महापालिकेच्याच बांधकाम विभागातील अभियंता पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावा.

सर्वांना सर्व काही शिकवण्याचा अट्टहास करू नये. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकांत या कामाच्या तीन पातळ्या मानल्या आहेत: धोका ओळखून जागा सुरक्षित करणारा, मर्यादित खोलीच्या साध्या चरात आधार देऊन बचाव करणारा, आणि खोल किंवा एकमेकांना छेदणाऱ्या चरांत काम करणारा तज्ज्ञ. दुसऱ्या पातळीची मर्यादा साधारण २.४ मीटर खोलीपर्यंतच्या सरळ, एकेरी चराची आहे. आपल्याकडे ही विभागणी अशी बसवता येईल की दलातील प्रत्येक जवान आणि प्रत्येक चालक पहिल्या पातळीचा, निवडक केंद्रांवरील पथके दुसऱ्या पातळीची, आणि शहरासाठी किंवा जिल्ह्यासाठी एक पथक तिसऱ्या पातळीचे असेल. चालकाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण गाडी कोठे उभी करायची हा या वर्दीवरचा पहिला तांत्रिक निर्णय असतो आणि तो चालकाच्या हातात असतो.

पहिली पायरी: माती समजणे

वर्गात फळ्यावर आकडे लिहून मातीचे वजन कोणाला पटत नाही. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते हे वाक्य जवान वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. त्याऐवजी तीस सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची लाकडी पेटी करून घ्यावी, ती ओलसर मातीने दाबून भरावी आणि प्रत्येकाला एकट्याने उचलायला सांगावे. तेवढ्याशा पेटीतील माती पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. दोन मीटर उंचीच्या, दोन मीटर लांबीच्या आणि अर्धा मीटर जाडीच्या सुटलेल्या थरात अशा पेट्या किती, याचे गणित त्यांनाच करू द्यावे. उत्तर सत्तरच्या पुढे जाते, म्हणजे तीन टनांच्या वर.

दुसरा प्रयोग गमबुटाचा आहे. एका मोठ्या पिंपात वाळूने भरलेला गमबूट उभा ठेवावा, त्याला दोर बांधून वर आणावा, सभोवती ओली माती टाकून ती गुडघाभर होईपर्यंत चोपावी आणि मग जवानांना दोर ओढायला सांगावे. बूट सहसा हलत नाही, आणि पुरेशी माणसे लागली तर पिंपच उचलले जाते. कमरेपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाच्या काखेत दोर घालून त्याला वर ओढण्याचा, किंवा त्याहून भयंकर म्हणजे तो दोर जेसीबीच्या बकेटला अडकवण्याचा विचार हा प्रयोग पाहिलेल्या जवानाच्या मनात पुन्हा येत नाही. सांधे निखळतात, पाठीचा कणा दुखावतो आणि माणूस मात्र जागचा हलत नाही.

तिसरा प्रयोग काचेच्या टाकीचा. जुनी मासे ठेवण्याची टाकी ओल्या वाळूने भरून तिच्यात सरळ भिंतीचा चर कापावा. मग काठाजवळ एक वीट ठेवावी, टेबलावर मुठीने ठोके द्यावेत, बाटलीने थोडे पाणी सोडावे. विटेचे वजन म्हणजे काठावर रचलेली उपसलेली माती, ठोके म्हणजे रस्त्यावरची वाहतूक, पाणी म्हणजे फुटलेली जलवाहिनी किंवा वळवाचा पाऊस. भिंतीला आधी वरच्या बाजूने काठाला समांतर चीर पडते, मग मधोमध पोट सुटते आणि मग ती एकदम येते. प्रत्यक्ष चरात अशा चिरा काठापासून खोलीच्या साधारण निम्म्या ते पाऊण अंतरावर दिसतात. म्हणजे तीन मीटर खोल चरासाठी काठापासून दीड ते सव्वादोन मीटरवर. तेथे तर आपण स्वतःच उभे असतो.

खचण्याचे प्रकार नावानिशी शिकवावेत, कारण काठावरून आत ओरडून सांगताना नेमका शब्द लागतो. उपसलेल्या मातीचा ढीग घसरून आत येणे, काठाचा वरचा भाग तुटून पडणे, भिंतीचा पूर्ण उभा थर सुटणे, तळाशी माती निसटून वरचा भाग अधांतरी राहणे, आणि दोन चर मिळतात तेथील कोपरा पाचरीसारखा सुटून येणे, हे मुख्य प्रकार. यातील अधांतरी राहिलेला काठ सर्वांत फसवा असतो, कारण वर उभ्या माणसाला पायाखालची पोकळी दिसत नाही.

महाराष्ट्राच्या जमिनीबद्दल स्वतंत्र तास ठेवावा. काळी माती उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते आणि पावसात फुगते. कोरडी असताना तिची भिंत दगडासारखी उभी दिसते आणि तेच तिचे लबाडपण आहे. मुरूम चांगला म्हणून मुकादम निर्धास्त असतो, पण मुरमाचे थर तिरके असले आणि मधून पाणी झिरपत असले की अख्खा थर सरकतो. कोकणात जांभ्याखाली मऊ, चिकण थर लागतो. मुंबईसारख्या शहरांत, आणि कोणत्याही जुन्या रस्त्याखाली, भराव असतो. एकदा खोदून बुजवलेल्या जागेतील मातीला स्वतःची अशी पकड उरलेली नसते. हे सर्व शिकवून झाल्यावर मात्र नियम एकच द्यावा: बचावाच्या कामात माती सर्वांत कमकुवत प्रतीची आहे असेच धरून चालायचे. ती एकदा खचली आहे, त्यामुळे तिच्या गुणवत्तेवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेत दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा किंवा लाकडी आधार द्यावा, आणि उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल त्याच्या आत टाकू नये, असे सांगितले आहे. जवानांना ही कलमे माहीत असावीत ती ठेकेदाराला दोष देण्यासाठी नव्हे. काठाला लागून रचलेला ढीग आणि उघड्या उभ्या भिंती दिसल्या की तेथे धोक्याची किती कारणे एकत्र आली आहेत, हे त्यांना गाडीतून उतरताच कळले पाहिजे.

दुसरी पायरी: चुन्याच्या फक्कीपासून खऱ्या चरापर्यंत

सरावासाठी थेट चर खोदणे ही चूक आहे. प्रशिक्षणातच माती खचली तर शिकणारेच गाडले जातील, आणि नवख्या पथकाला पहिल्या दिवशी खोलीपेक्षा हालचालींचा क्रम शिकायचा असतो. म्हणून पहिले काही दिवस केंद्राच्या आवारात सपाट जमिनीवर चुन्याची फक्की मारून सहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद चर आखावा. गाडी कोठे थांबते, फळ्या कोणत्या बाजूने येतात, कोण कोणाला हाक देतो, मापे कोण ओरडतो आणि कापणारा ती परत कशी उच्चारतो, हे सगळे या आखलेल्या चरावर पाठ होईपर्यंत करावे. आखलेल्या रेषेच्या आत पाय पडला की तो जवान ‘गाडला गेला’ असे जाहीर करून त्याला सरावाबाहेर बसवावे. पहिल्या दिवशी निम्मे पथक बाहेर बसते, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी रेषेजवळ फिरकत नाही.

त्यानंतर जमिनीवरच उभा चर करावा, म्हणजे भक्कम लाकडी किंवा लोखंडी चौकटींवर प्लायवूड ठोकून समोरासमोर दोन भिंती उभ्या कराव्यात, वर काठासाठी कठड्यासह मचाण बांधावे आणि दोन भिंतींच्या मधोमध टेकू बसवण्याचा सराव करावा. टेकू आवळताना या भिंती बाहेर ढकलल्या जातात, त्यामुळे चौकटी मागून पक्क्या तानलेल्या असाव्यात आणि अभियंत्याने तपासलेल्या असाव्यात. या टप्प्यावर डोळ्यांवर पट्टी बांधून साहित्य ओळखणे, रात्री दिव्याच्या उजेडात काम करणे, पावसात हातमोज्यांसह पाचरी ठोकणे, असे सराव बिनधोक घेता येतात.

खरा चर शेवटी येतो आणि तोही आधीच सुरक्षित केलेला असतो. कायमस्वरूपी प्रशिक्षण केंद्र असेल तर काँक्रीटच्या किंवा लोखंडी पत्र्यांच्या भिंतींचा चर बांधून घेणे उत्तम. तात्पुरता चर खोदायचाच झाला तर जमिनीखालील केबल व वाहिन्यांची खात्री करून, अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बाजूंना उतार किंवा पूर्ण आधार देऊन, आणि त्या दिवशीची पाहणी लेखी नोंदवूनच कोणाला आत सोडावे. जिवंत माणसाला, अगदी गुडघ्यापर्यंतही, मातीत पुरू नये. सत्तर-ऐंशी किलोचा वाळूचा पुतळा पुरेसा असतो. त्याला जुने कपडे, गमबूट आणि हेल्मेट घातले की काम भागते.

तिसरी पायरी: वर्दीपासून पहिली पंधरा मिनिटे

नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यालाही या प्रशिक्षणात बसवावे, कारण फोनवर विचारलेले चार प्रश्न पुढचा अर्धा तास वाचवतात: किती जण आत आहेत, त्यांपैकी कोणी दिसते किंवा बोलते का, चर किती खोल आहे, आणि आत पाणी, वायू किंवा वीज आहे का. त्याच वेळी १०८ ची रुग्णवाहिका, पोलीस, महावितरण, गॅस कंपनी आणि पाणीपुरवठा विभाग यांना कळवावे. जलवाहिनी फुटली असेल तर सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे त्या भागाचा चावीवाला, म्हणजे जलवाहिनीचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कर्मचारी. त्याचा क्रमांक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर असलाच पाहिजे.

पहिली गाडी चरापासून साधारण पन्नास मीटर अलीकडे थांबवावी, इंजिन बंद करावे, आणि मागून येणाऱ्या गाड्या त्याहून दूर रोखाव्यात. शंभर मीटरच्या परिसरातील अवजड वाहतूक पोलिसांकरवी थांबवावी. चराकडे नेहमी त्याच्या टोकाकडून जावे, लांब बाजूने कधीही नाही. जेसीबी किंवा पोकलेन काठाजवळ उभे असेल तर ते बंद करावे, पण घाईने हलवू नये, कारण त्याच्या हालचालीनेच काठ तुटू शकतो. चालकाला मात्र तेथून जाऊ देऊ नये, पुढे त्याची गरज पडते. काठापासून पंधरा मीटरचे वर्तुळ दोरीने आखावे आणि आत फक्त काम असलेली माणसे ठेवावीत.

आत उतरलेल्या मजुरांना बाहेर काढणे हे अधिकाऱ्याच्या शब्दांचे काम आहे, म्हणून ते शब्द सरावातच तयार करावेत. त्यांचा भाऊ किंवा गाववाला खाली अडकलेला असतो; त्यांच्यावर खेकसून उपयोग नाही. टोकाकडून शिडी सोडावी आणि ‘भाऊ, तुम्ही वर या, तो कुठे आहे ते तुम्हालाच माहीत आहे, मला वर येऊन दाखवा’ असे त्यांना समजेल त्या भाषेत सांगावे. हे खरेही आहे, कारण अडकलेला माणूस नेमका कोठे उभा होता हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. मुकादमाला बाजूला घेऊन हजेरी विचारावी, पण तिच्यावरच विसंबू नये. काठावरच्या चपला, जेवणाचे डबे आणि कोणाचेच नसलेले फोन मोजावेत. आकडा जुळला नाही तर आणखी कोणीतरी आत आहे असे धरावे.

चर मलवाहिनीचा असेल तर आतील हवा तपासल्याशिवाय कोणीही उतरू नये. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान, ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटक किमान मर्यादेच्या दहा टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात दहा भागांपेक्षा कमी आणि कार्बन मोनॉक्साइड पस्तीस भागांपेक्षा कमी असावा. मापकयंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन मापे घ्यावीत आणि काम संपेपर्यंत ठराविक वेळाने घेत राहावीत. पंख्याने हवा खेळती ठेवताना झोत थेट भिंतीवर येऊ देऊ नये. कोरडी पडलेली माती सुटू लागते. पाणी भरत असेल तर पंप लगेच लावावा, पण त्याची मोटार काठापासून दूर ठेवावी.

काठावर दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे पत्रे किंवा रुंद फळ्या अंथराव्यात, म्हणजे माणसाचे वजन एका जागी न पडता पसरते. ढीग काठाला लागून असेल तर किमान साठ सेंटिमीटर मागे सारावा, आणि तो फावड्याने सारावा, यंत्राने नाही. दोन शिड्या सोडाव्यात, काठाच्या वर सुमारे मीटरभर निघतील अशा, आणि आत काम करणाऱ्याला कोणत्याही क्षणी सात-साडेसात मीटरच्या आत एक शिडी सापडेल अशा बेताने.

येथे दोन माणसांच्या नेमणुका पक्क्या कराव्यात. घटनास्थळ प्रमुख दूर उभा राहून संपूर्ण काम पाहील आणि कोणत्याही साहित्याला हात लावणार नाही. सुरक्षा अधिकारी फक्त भिंती, काठ आणि चिरा पाहील. त्याची शिट्टी वाजली की प्रमुखाचाही शब्द चालणार नाही. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवून शांतता, तीन छोट्या म्हणजे ताबडतोब बाहेर, एक लांब आणि एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू. ही खूण आंतरराष्ट्रीय शोध व बचाव पथकेही वापरतात, म्हणून वेगळी शोधू नये.

चौथी पायरी: फळ्या आणि आडटेकू

येथे सर्वाधिक तास द्यावेत. साहित्य फार परदेशी नसते. आठ फूट बाय चार फुटांचे, एकोणीस मिलिमीटर जाडीचे चांगल्या प्रतीचे शटरिंग प्लायवूड, त्याच्या मधोमध उभी बोल्टने जोडलेली जाड रुंद फळी, ती सोडण्यासाठी दोर, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये बसणारे आडटेकू. हवेच्या दाबावर चालणारे टेकू असतील तर काठावरूनच ते बसवता येतात, आणि तोच त्यांचा खरा फायदा आहे. नसतील तर चरासाठी बनवलेले स्क्रू जॅक, किंवा गाठी व चिरा नसलेले दीडशे मिलिमीटर चौरस लाकडी वासे आणि कठीण लाकडाच्या पाचरींच्या जोड्या वापरता येतात. सेंट्रिंगचे लोखंडी प्रॉप प्रत्येक साइटवर सहज मिळतात आणि म्हणूनच ते आडवे लावण्याचा मोह होतो. ते उभा भार घेण्यासाठी असतात, आडवे लावल्यास निसटतात किंवा मध्येच वाकतात. तीच गोष्ट नीलगिरीच्या गोल बल्ल्यांची. पर्याय म्हणून त्यांचा विचार फक्त अभियंत्याच्या मोजमापानंतर व्हावा, घटनास्थळी उत्साहात होऊ नये.

क्रम असा शिकवावा. अडकलेला माणूस जेथे आहे त्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर फळी जोडलेल्या प्लायवूडची (पुढे यालाच फळी म्हटले आहे) पहिली जोडी सोडायची, मग तिच्या दोन्ही अंगांना एकेक जोडी. फळी सोडताना पलीकडच्या काठावरचा जवान दोर धरतो, अलीकडचा ती सरकवतो, आणि तिसरा ती उभी व ओळंब्यात आहे का हे टोकाकडून पाहतो. फळी माणसाच्या अंगावर आदळू नये यासाठी तिचे खालचे टोक शेवटपर्यंत नियंत्रणात असावे. मग आडटेकू वरून खाली अशा क्रमाने बसवायचे. सर्वांत वरचा काठापासून साठ सेंटिमीटरच्या आत, सर्वांत खालचा तळापासून साठ सेंटिमीटरच्या आत, आणि मधल्या कोणत्याही दोघांत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर नाही. शिडीवरून टेकू बसवणाऱ्या जवानाची कंबर शेवटच्या पक्क्या झालेल्या टेकूच्या खाली जाता कामा नये. हे वाक्य इतक्या वेळा म्हणवून घ्यावे की त्याचा कंटाळा यावा.

टेकू मातीला दाबतो म्हणून भिंत उभी राहते, त्यामुळे फळीच्या मागे पोकळी राहिली तर सगळी रचना शोभेची ठरते. खचलेल्या बाजूस पोकळी असतेच. ती मातीची पोती, लाकडी ठोकळे किंवा हवेच्या उशा भरून बुजवावी, आणि भरताना समोरच्या बाजूवर ताण किती येतो यावर लक्ष ठेवावे. हवेचे टेकू एकदम पूर्ण दाबाने फुगवू नयेत, कारण सैल माती त्याने उलट ढकलली जाते; आधी हलक्या दाबाने धरून ठेवावे, सगळे बसले की क्रमाने घट्ट करावेत. लाकडी टेकू असतील तर दोन्ही पाचरी समोरासमोरून एकाच वेळी ठोकाव्यात आणि नंतर खिळ्यांनी पक्क्या कराव्यात. घोटाळा बहुधा मापातच होतो. मोजणारा मिलिमीटरमध्ये सांगतो, कापणारा इंचांत ऐकतो, पाचरीची जाडी वजा करायचे राहून जाते आणि वासा दोनदा कापावा लागतो. सगळ्यांनी एकच एकक ठरवावे, आणि कापणाऱ्याने माप मोठ्याने परत म्हटल्याशिवाय करवत लावू नये.

एक वेळापत्रक डोळ्यांसमोर असावे, पण ते पथकाला सांगू नये. पहिली सुरक्षित जोडी बसेपर्यंत लागलेला वेळ घड्याळावर मोजावा आणि सरावागणिक नोंदवावा. वेळ कमी करण्याचा दबाव मात्र आणू नये. नीट बसवलेले पथक आपोआप झपाट्याने काम करते, घाई करणारे पथक फळी सोडून देते.

पाचवी पायरी: अडकलेल्या माणसापर्यंत

छातीपर्यंत गाडलेला माणूस बोलत असला तरी तो सुरक्षित नसतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आत जाते, माती त्या जागेत सरकते आणि पुढचा श्वास लहान होतो. म्हणून आधाराच्या आत पोहोचल्यावर आधी तोंड व नाक, मग छाती, मग बाकीचे शरीर असा क्रम पाळावा. कुदळ, पहार, यंत्र यांपैकी काहीही त्याच्या जवळ येऊ देऊ नये. हात, लहान खुरपी, घमेली आणि दोरीने वर जाणाऱ्या बादल्या पुरतात. पाय बाहेर येईपर्यंत ओढायचे नाही, पूर्ण मोकळे करायचे. ओल्या चिखलात गमबूट घट्ट बसतो, तेव्हा बूट कापून पाय काढावा आणि बूट तेथेच राहू द्यावा.

खणणाऱ्यांची पाळी दहा-पंधरा मिनिटांनी बदलावी. मे महिन्याच्या दुपारी त्याहूनही लवकर. आत एका वेळी दोघांहून अधिक जण नसावेत, आणि कोणीही फळ्यांच्या आधाराच्या बाहेर, अगदी एक पाऊलही, जाऊ नये. हेल्मेट, हातमोजे, जाड तळव्याचे बूट एवढा पोशाख हवा. आगीसाठीचा जड पोशाख अरुंद चरात अडचणच करतो आणि उन्हात माणसाला थकवतो.

बराच वेळ दाबलेल्या स्नायूंमध्ये पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये साचतात आणि दाब सुटताच ती रक्तात मिसळून हृदय बंद पाडू शकतात किंवा मूत्रपिंड निकामी करू शकतात. माणूस हसत-बोलत बाहेर येतो आणि स्ट्रेचरवर कोसळतो, ते या कारणाने. म्हणून डॉक्टर काठावर आल्याशिवाय आणि दाब सुटण्यापूर्वी सलाइन सुरू करायचे की नाही हे त्यांनी ठरवल्याशिवाय शेवटचा भार हटवू नये. १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी या सरावाला बोलवावे. शिडीवरून तिरके उतरून, फक्त हात मोकळा असलेल्या अडकलेल्या माणसाची शीर शोधणे त्यांच्यासाठीही नवे असते. थंडी आणि ओल यांमुळे शरीराचे तापमान उतरते, त्यामुळे पांघरूण आणि धीराचे बोलणे हाही उपचाराचाच भाग मानावा. एका जवानाने फक्त त्याच्याशी बोलत राहावे, त्याचे नाव घेऊन, आणि पुढे काय करणार आहोत ते आधी सांगून.

माणूस पूर्ण गाडला गेला असेल, बराच वेळ झाला असेल, आवाज वा हालचाल नसेल, तर प्रमुखाला आणखी एक कठीण निर्णय घ्यावा लागतो. पाइपाच्या आडोशाला किंवा वाकड्या फळीखाली हवेची पोकळी राहू शकते, म्हणून आशा लगेच सोडू नये. परंतु मृतदेह काढण्यासाठी जवानांना विनाआधार आत पाठवण्याचे कारण कोणतेही असू शकत नाही. हा निर्णय सरावात चर्चेसाठी ठेवावा, कारण घटनास्थळी नातेवाईक, कॅमेरे आणि एखादे वजनदार पुढारी प्रमुखाच्या कानाशी असतात. सरावात या सगळ्यांची भूमिका दलातल्याच लोकांना द्यावी. ‘तुम्ही उभे राहून बघताय काय’ असे ओरडणारा एक जण पुरेसा असतो. प्रमुखाचे लक्ष किती वेळा त्याच्याकडे जाते ते परीक्षकाने मोजावे.

सहावी पायरी: आधार काढणे आणि आवराआवर

माणूस रुग्णवाहिकेत गेला की सगळ्यांचे अंग सैल पडते, आणि याच वेळी चरात राहिलेली करवत आणण्यासाठी कोणीतरी सहज उतरतो. ते सरावातच मोडून काढावे. आधार नेहमी उलट क्रमाने काढावा, म्हणजे खालचा टेकू आधी आणि वरचा शेवटी, आणि प्रत्येक वेळी काढणारा उरलेल्या टेकूंच्या संरक्षणात असला पाहिजे. भिंत हलताना दिसली तर साहित्य तेथेच सोडावे. प्लायवूड पुन्हा विकत मिळते, वखार शहरात असतेच. अपघातात मृत्यू झाला असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यापूर्वी काहीच काढू नये, फक्त जागा राखावी.

परीक्षा घेताना टेकू किती वेळात बसले यापेक्षा पुढील गोष्टींना जास्त गुण द्यावेत: विनाआधार भागात कोणाचा पाय पडला का, सुरक्षा अधिकाऱ्याची शिट्टी झाल्यावर चर किती सेकंदांत रिकामा झाला, काठावर अंथरलेल्या फळ्यांबाहेर कोण उभा राहिला, आणि माप चुकून वासा किती वेळा पुन्हा कापला गेला. सरावाच्या मध्येच परीक्षकाने पूर्वसूचना न देता ‘दुसरी माती आली’ असे जाहीर करावे आणि डोकी मोजायला लावावीत. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक जण फलकावर नोंदवणारा माणूस नेमला नसेल, तर त्या क्षणी ते उघडे पडते.

हा सराव वर्षातून दोनदा तरी व्हावा, त्यांपैकी एक मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी. त्या आधी नियंत्रण कक्षाने आपल्या हद्दीत चालू असलेल्या खोल खोदकामांची यादी महापालिकेच्या विभागांकडून मागवावी आणि रात्री उघडणारी लाकडाची वखार, शटरिंगचे सामान भाड्याने देणारा, पंपवाला व अभियंता यांचे क्रमांक ताजे करून घ्यावेत. सराव संपला की त्याच संध्याकाळी प्रत्येक प्लायवूडची कड फुगली आहे का, बोल्ट सैल आहेत का, पाचरींच्या जोड्या पूर्ण आहेत का आणि वायुमापकाची तपासणीची तारीख उलटली आहे का हे पाहून सामान क्रमाने रेस्क्यू व्हॅनमध्ये चढवावे: जे शेवटी लागते ते आधी, आणि काठावर अंथरायच्या फळ्या सर्वांत शेवटी, दाराशी.